निगुडकरांच्या घरची मतं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या खासगी बाजारातून भोंग्याचा टांगा पुन्हा गेला आणि निगुडकरांच्या माडीची तावदानं पुन्हा थरथरली. "रघुनाथराव साहब की नाव! कल सुबह नाव के डिब्बे में पर्ची डालिए!"

"अरे, पण नाव चालवायला लष्करात पाणी कुठाय?" अनसूयाआत्यांनी स्वयंपाकघरातूनच विचारलं. "नळाला तर येत नाही!"

टांगेवाल्यापर्यंत प्रश्न पोचला नाही, पण घर हसलं. घर सकाळपासून कशावरही हसत होतं. उद्या मतदान, देशातलं पहिलंच, आणि आज घरात संक्रांतीचं हळदीकुंकू. त्यात उमेदवार रघुनाथरावांची ही होडी. बिचाऱ्यांची हयात रिसाल्यात घोड्यावर गेली होती. त्यांनी चिन्ह मागितलं घोडा, वाट्याला आली होडी, आणि तेव्हापासून ते आपल्याच फलकांकडे पाहायचं टाळत होते.

हसत नव्हते ते एकटे तात्यासाहेब. माडीवर खिडकीशी बसून ते पेटीतून काढलेल्या पगडीवरची धूळ झटकत होते. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाला, दरबार मोडला, तेव्हापासून ती पगडी पेटीतच होती. त्याआधीची सगळी नोकरी त्यांनी दरबारातले नजराणे लावण्यात घालवली होती. कुणी कुणाच्या मागून यायचं, रुमाल दोन्ही तळव्यांवर कसा धरायचा, रुमालावर मोहोर कुठे ठेवायची, महाराजांनी मोहरेला बोट लावून ती माफ केली की ती परत घेऊन, पाठ न दाखवता, मागच्या पावली कसं यायचं, हे त्यांनी सरदारांच्या दोन पिढ्यांना शिकवलं. संस्थान गेलं तरी त्यांच्या अंगातला दरबार गेला नव्हता. जेवणाची पानंसुद्धा ते मानाप्रमाणे मांडायला लावत.

आणि आता त्यांनी शब्द दिला होता. गेल्या आठवड्यात महाराज बाड्याच्या चौकातल्या सभेत, भर गर्दीत, रघुनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "निगुडकरांच्या घरची सगळी मतं तुमची. हा माझा शब्द." टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यांनी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. घरातल्या मुंजी, लग्नं, नोकऱ्या, सगळ्यांचे शब्द आजवर त्यांनीच दिले होते आणि घरानं ते निमूट पाळले होते. शिवाय इथे उपकाराचीही गोष्ट होती. सगळ्या संस्थानांचे कारकून एका सचिवालयात कोंबले गेले तेव्हा भल्याभल्यांना घरी बसावं लागलं. धाकट्या मुलाची, मधुसूदनची, खुर्ची टिकली ती रघुनाथरावांनी चार ठिकाणी बोलून ठेवल्यामुळे. मधुसूदन उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर अशी हलत्या राजधानीच्या दप्तरांबरोबर वरात काढत होता, पण नोकरीत होता.

शब्द मोडला, तर उद्या बाड्यावरून मान वर करून चालता येणार नाही, एवढं तात्यासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पगडी उन्हात धरली आणि खालून आलेल्या हसण्याच्या गदारोळाला कपाळावर आठी घालून उत्तर दिलं.

खाली सरोजिनीनं शाळा भरवली होती.

मधुसूदनची ही बायको इंदूरची, मुलींच्या शाळेत शिकवणारी. उद्या बायकांच्या मतदान केंद्रावर तिची नेमणूक झाली होती, आणि नेमणुकीचा कागद आल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला जमतात, त्यांना पेटीत चिठ्ठी घालायला शिकवायची याहून चांगली वेळ कोणती, असं तिच्या मनानं घेतलं. देवघराच्या दारावर तिनं जुनं लुगडं टांगलं. आत पाटावर दोन पत्र्याचे डबे ठेवले, झाकणांना खाचा पाडल्या. एकावर लाडवाचं चित्र, दुसऱ्यावर तिळाच्याच कुरकुरीत गजकेच्या वडीचं.

"आज निवडणूक तिळगुळाची आणि गजकेची," ती म्हणाली. "प्रत्येकीनं एकेक चिठ्ठी घ्यायची, एकटीनं आत जायचं, मनाला येईल त्या डब्यात टाकायची. कुणाला सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही."

"अगं, पण नवऱ्याला तर सांगावं लागेल!" शांताताई म्हणाल्या.

"मुळीच नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणायचं, सरकारनं मना केलंय."

यावर जे हसणं उठलं ते बराच वेळ मिटेना. हळदीकुंकवाच्या बायका एकेक करून लुगड्याआड जाऊ लागल्या. विजयाबाई बाहेर आल्या त्या हात जोडूनच. सरोजिनीला शंका आली म्हणून तिनं आत डोकावलं. चिठ्ठी डब्याच्या झाकणावर सरळ मांडलेली होती, तिच्यावर चिमूटभर हळदकुंकू आणि हलव्याचे दोन दाणे.

"विजयाबाई, ही वर का ठेवलीत?"

"मग काय आत कोंबायची? देवासमोर ठेवतात तशी नीट ठेवली, बाई."

"अहो, वर ठेवलेली चिठ्ठी मागून येणारा कुणीही उचलेल आणि आपल्याला हव्या त्या डब्यात टाकेल!" सरोजिनीचा वर्गातला आवाज लागला, तो माडीपर्यंत पोचला. "आत पडली तरच ती तुमची!"

अनसूयाआत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सगळं पाहत होत्या. तात्यासाहेबांची ही थोरली बहीण लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परत आली होती. हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांची जागा उंबऱ्याच्या आत, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. सरोजिनी चिठ्ठी घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"मला कशाला गं?"

"उद्याच्या रांगेत कुंकू विचारत नाहीत, आत्या. मोठी जाऊबाई आणि तुम्ही एकाच रांगेत उभ्या राहणार. तुम्ही वयानं मोठ्या, तर तुम्ही पुढे."

आत्यांनी चिठ्ठी घेतली. उंबरा ओलांडून, बायकांच्या मधून, त्या लुगड्याआड गेल्या. त्यांनी पुष्कळ वेळ लावला. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या आणि वर म्हणत होत्या, "धूळ किती ठेवता गं देवघरात."

मग डबे उघडले, चिठ्ठ्या मोजल्या, आणि गजक जिंकली.

गोंधळच झाला. मोठ्या जाऊबाईच्या, म्हणजे विमलच्या, हातचा तिळगूळ म्हणजे खासगी बाजाराची शान. तो मागून नेण्यासाठी सराफ्यातून माणसं येत. थोरल्या सुनेच्या घरात, तिच्या समोर, बाजारातल्या गजकेनं तिला हरवलं होतं. "मी तर तिळगुळालाच दिलं," एकीनं शपथेवर सांगितलं. "मीपण!" दुसरी म्हणाली. बघता बघता सगळ्यांनीच तिळगुळाला दिलं होतं.

"मग गजकेला काय उंदरांनी मतं दिली?" आत्यांनी विचारलं.

विमल हलव्याची वाटी फिरवत होती आणि चेहरा सरळ ठेवण्याची शिकस्त करत होती. तिनं स्वतः गजकेलाच चिठ्ठी टाकली होती. या घरात आल्यापासून दर संक्रांतीला तिनं पाक केला, बोटं भाजून घेतली, परातीच्या पराती वळल्या, आणि तिला आवडायची ती बाड्यावरच्या दुकानातली खुसखुशीत, पदर सुटणारी गजक. हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनं तरी कुणाला कधी सांगितलं होतं? लुगड्याआडच्या अंधारात चिठ्ठी हातात धरून ती उभी राहिली, आणि हात आपणहून गजकेकडे गेला. आता सगळ्याजणी भांडत होत्या, आणि तिला आतून इतका आनंद होत होता की वाटी हातात नीट राहीना. तिला काय आवडतं ते तिनं सांगितलं होतं आणि तरी घर जागच्या जागी होतं.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका हं," सरोजिनी हळूच म्हणाली.

"छे गं," विमल म्हणाली. "उद्या माझी चिठ्ठी तूच देणार ना मला? मग झालं तर."

दिवेलागणीला बायका गेल्या आणि रघुनाथराव आले.

तिळगूळ घ्यायला आलो म्हणाले, पण बसले ते कोट न काढता. दिवसभर सभा करून त्यांचा आवाज बसला होता. माडीवरच्या बैठकीत तात्यासाहेब, थोरला मुलगा लक्ष्मीकांत, मधुसूदन, आणि लक्ष्मीकांतचा कॉलेजात जाणारा मुलगा गोपाळकृष्ण, जो नुकताच मतदानाच्या वयाला आला होता. बायका दाराशी.

"तात्यासाहेब, तुमच्याकडून मला धास्ती नाही," रघुनाथराव म्हणाले. "पण हवा काही ठीक नाही. लोक तोंडावर हो म्हणून राहिलेत आणि आत जाऊन दुसऱ्याच डब्यात टाकणार, असं ऐकतोय. पडद्यामागे कुणाचा भरवसा? म्हणून म्हटलं, ज्यांनी शब्द दिलाय त्यांच्याकडे बेलभंडार होऊन जाऊ दे. तुमच्यापासून सुरुवात केली की बाकीचे मुकाट उचलतील."

खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान उचलून निगुडकरांच्या घरात जो शब्द दिला जाई तो मोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तात्यासाहेबांना आपल्या शब्दावर असा साक्षीदार मागितलेला आवडला नाही, ते त्यांच्या मिशीवरून दिसलं. पण नाही म्हणायला जागा नव्हती.

"विमल," ते म्हणाले, "देवासमोरचं तबक आण."

"मामंजी, असं नाही करता येत." सरोजिनी दारातून पुढे आली. "मत देताना कुणावर जबरदस्ती करणं गुन्हा आहे. आणि मी तर उद्या तिथे सरकारी कामावर आहे. माझ्याच घरात हे झालं तर मी कोणत्या तोंडानं तिथे बसू?"

"जबरदस्ती?" तात्यासाहेब म्हणाले. "माझ्या घरातल्या माणसांना मी सांगतो, ती जबरदस्ती?"

"सरोजिनी, आत जा," मधुसूदन म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हाच मधुसूदन परवा रात्री जेवताना मोठ्या तोंडानं सांगत होता की आता राजा आपणच आणि प्रजाही आपणच. तिच्या नजरेत ते वाक्य त्याला चक्क वाचता आलं, आणि तो सतरंजीकडे पाहू लागला. रघुनाथरावांचं ऋण त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. त्याची नोकरी म्हणजे ते ऋणच.

"आजोबा, काकू बरोबर तर म्हणतेय," गोपाळकृष्ण म्हणाला. "वोट मेरा है ना? मग मी कुणाला देऊन राहिलोय, हे दुसरं कोणी कसं ठरवणार?"

"तू गप्प बस. तुझा बाप बोलला नाही अजून."

बाप, म्हणजे लक्ष्मीकांत, बोलण्यात कधीच पुढे नव्हता. बाड्यावरच्या बँकेत तो दिवसभर लोकांच्या सह्या ताडून पाही आणि घरी स्वतःची सही कशावरच करत नसे. त्यानं सवयीनं विमलकडे पाहिलं.

विमल तबक घेऊन आली होती. पितळेच्या तबकात भंडाऱ्याची रास, तिच्यावर एक बेलाचं पान. तिनं ते चौरंगावर ठेवलं, पण मागे सरली नाही.

"मामंजी, आधी मी उचलते."

"मानानं लक्ष्मीकांत पहिला."

"ठाऊक आहे. पण आज मी."

तिनं पान उचललं, भंडाऱ्याची चिमूट तळव्यावर घेतली. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण बैठकीच्या मधोमध पुरुषांसमोर ती पहिल्यांदा उभी होती.

"खंडेरायाची शपथ," ती म्हणाली. "उद्या मी मत द्यायला जाईन. कंटाळा करणार नाही, काम आहे म्हणणार नाही. नीट विचार करून, माझ्या मनाला पटेल त्यालाच देईन. आणि कुणाला दिलं ते कधीही, कुणालाही सांगणार नाही."

कुणी काही बोलायच्या आत अनसूयाआत्या पुढे झाल्या. "सरक गं. माझीपण तीच शपथ," म्हणाल्या आणि त्यांनी पान उचललं. मग गोपाळकृष्ण. मग, कुणाला अपेक्षा नसताना, लक्ष्मीकांत उठला. विमलची शपथ त्यानं शब्दन् शब्द म्हटली आणि मग बायकोशेजारी जाऊन उभा राहिला.

रघुनाथराव मधुसूदनकडे वळले. "तुझं काय?"

मधुसूदन सतरंजीवरून उठला. "काका," तो म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही हाक माराल तेव्हा येईन. तुमच्या सभेच्या खुर्च्या उचलीन. पण हे..." त्यानं सरोजिनीकडे पाहिलं, आणि पान उचललं.

"वा!" रघुनाथराव म्हणाले. "वा, तात्यासाहेब! हे दरबारात झालं असतं?"

तात्यासाहेब उभे राहिले. आयुष्यात त्यांना कुणी असं उघडं पाडलं नव्हतं. त्यांचा शब्द त्यांच्याच बैठकीत, त्यांच्याच देवासमोर, त्यांच्याच माणसांनी जमिनीवर टाकला होता, आणि तोही बाहेरच्या माणसादेखत. संतापानं त्यांना क्षणभर काही दिसेना. "मी शब्द दिलाय!" ते ओरडले. "या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"आहे ना, मामंजी," विमल म्हणाली. "म्हणून तर विचारते. ते पायानं आजारी सरदार होते, त्यांचा मुलगा दोन रुमाल घेऊन दरबाराला आला होता. एक स्वतःचा, एक बापाचा. त्याला तुम्ही काय सांगितलं होतंत?"

तात्यासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ही हकिगत त्यांनीच जेवताना नको तितक्या वेळा सांगितली होती. पोरं ऐकून कंटाळली, सुनांनी ऐकून वाढणं चालू ठेवलं. कुणी ती मनात धरून ठेवत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"दारातून परत पाठवला," ते सावकाश म्हणाले.

"का?"

"ज्याचा नजराणा त्याच्या हातानं. दुसऱ्याच्या हातून चालत नाही. मग बापाचा मुलगा असो की भावाचा भाऊ."

"त्या आजारी माणसाला तुम्ही पालखीतून आणवलंत. सगळा दरबार खोळंबला, पण मुलाच्या हातचा नजराणा चालू दिला नाहीत."

बाहेरून टांग्याचा भोंगा आला आणि गेला. तात्यासाहेब तबकाकडे पाहत उभे होते. त्यांच्या मनात त्या दिवशीचा दरबार उभा राहिला. घामाघूम होऊन परत जाणारा तो पोरगा, त्याच्या दोन्ही हातांतले दोन रुमाल. आणि आपण? आपण बाड्यावर घरातल्या सगळ्यांचे रुमाल एकट्याच्या तळव्यांवर घेऊन उभे राहिलो होतो. आपल्याला दारातून कुणी परत पाठवलं नाही, एवढंच. त्यांना लाज वाटली, आणि लाजेबरोबर, कसं कोण जाणे, हसूही आलं.

"रघुनाथराव," ते म्हणाले, "मी तुम्हाला जे दिलं ते माझं नव्हतंच. चूक माझी. बाड्यावर चार लोकांत शब्द दिला, आज माझ्या घरच्या लोकांत तो परत घेतो. उद्या बाड्यावर कुणी विचारलं तर तिथेही सांगेन."

"आणि तुमचं स्वतःचं मत? ते तर तुमचं आहे ना?"

तात्यासाहेबांनी वाकून बेलाचं पान उचललं, भंडारा तळव्यावर घेतला. "थोरल्या सुनेची शपथ तीच माझी," ते म्हणाले. "तेव्हा तेही आता सांगता यायचं नाही."

रघुनाथराव लाल झाले. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तोच अनसूयाआत्यांनी पुढे होऊन त्यांच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

संक्रांतीचा तिळगूळ हातात घेऊन शिव्या देणं रिसाल्यातल्या माणसालाही जमेना. ते तिळगूळ कोटाच्या खिशात घालून जिना उतरले. खाली टांगेवाल्यावर खेकसल्याचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला.

सकाळी धुक्यातून मतदानाच्या शाळेकडे जाणारी माणसं पाहून जत्रा असल्यासारखं वाटत होतं. नवी लुगडी, धुतलेले कोट, कुणाच्या डोक्याला तेल, कुणाच्या कानात अत्तर. बायकांच्या खोलीत टेबलामागे सरोजिनी बसली होती, सकाळपासून एकदाही पाठ टेकली नव्हती. रांगेत अनसूयाआत्या पुढे, विमल मागे. आत्यांना पुढचीनं वळून विचारलं, "आप विधवा हैं?" आत्या म्हणाल्या, "नहीं, मतदाता हूँ," आणि मागून जी खसखस पिकली तिला आवरायला सरोजिनीला टेबलावर रूळ आपटावा लागला. विमल टेबलाशी आली तेव्हा दोघींनी ओळख दाखवली नाही. "नाव?" सरोजिनीनं विचारलं. "विमल निगुडकर," विमलनं खणखणीत सांगितलं. सरोजिनीनं तिच्या बोटावर शाई लावली, आणि लावताना ते बोट किंचित दाबलं.

पुरुषांच्या बाजूला तात्यासाहेब आले ते अंगरख्यात, पगडी चढवून. रांगेतल्या पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं, पण वाट दिली. शाई लावून घेताना त्यांनी बोट असं पुढे केलं की समोरचा अधिकारी नकळत अर्धवट उठलाच. मग चिठ्ठी हातात आली आणि ते पडद्याआड गेले.

आत ते आणि पेट्या. कुणी नाही. एका पेटीवर होडी, एकावर दिवा, एकावर सायकल. तात्यासाहेबांनी जोडे काढले. अंगरख्यातून रेशमी रुमाल काढला, घडी मोडली, दोन्ही तळव्यांवर पसरला, त्यावर चिठ्ठी ठेवली. त्यांनी होडीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं. आयुष्यभर कुणासमोर न्यायचं ते ठरलेलं असायचं. ते ठरवायचं काम आपलं, हे त्यांना या क्षणी फार जड आणि फार थोर वाटलं. मग त्यांनी ठरवलं. वाकून चिठ्ठी एका पेटीवर ठेवली, मुजरा केला, आणि पाठ न दाखवता मागच्या पावली पडद्यापर्यंत आले.

तिथे थांबले. नजराणा ठेवला की महाराजांचं बोट लागायचं, ते माफ म्हणायचे, वस्तू परत यायची. ते तसे उभे राहिले, तळवे वर करून. पेटी नुसती होती तिथे होती. वर त्यांची चिठ्ठी, वाऱ्यानं एक कोपरा हलणारी.

"बाबूजी, हो गया क्या?" बाहेरून आवाज आला. "लाइन लगी है."

आणि मग त्यांना आठवला तो खालून माडीवर आलेला धाकट्या सुनेचा चढा आवाज. आत पडली तरच ती तुमची. तात्यासाहेब भरभर पुढे गेले, पगडी कलली ती तशीच राहू दिली, चिठ्ठी उचलून खाचेत घातली आणि बोटानं आत ढकलली. आत कागदावर कागद पडल्याचा बारीक आवाज आला. त्यांनी खाचेला डोळा लावून पाहिलं. अंधार. कुणाची कुठली, सांगता येत नव्हतं.

ते वळले, जोड्यांत पाय सरकवले आणि पेट्यांना सरळ पाठ दाखवून बाहेर आले.

फाटकापाशी रघुनाथराव उभे होते, रात्रीच्याच कोटात. दोघांची नजरानजर झाली. तात्यासाहेबांनी हात उचलून नमस्कार केला; रघुनाथरावांनी तोंड फिरवलं, मग काय वाटलं कोण जाणे, परत वळवलं आणि मान हलवली. घरची मंडळी लिंबाखाली जमली होती. सगळे एकमेकांची बोटं पाहत होते, गोपाळकृष्ण आपलं बोट रस्त्यानं जाणाऱ्याला दाखवत होता, आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

"दिलंस, तात्या?" अनसूयाआत्यांनी विचारलं.

"दिलं."

"मग असा हात पसरून का चाललायस?"

तात्यासाहेबांनी खाली पाहिलं. दोन्ही तळवे वर, त्यांवर रिकामा रुमाल. तसेच ते पडद्यापासून फाटकापर्यंत, सगळ्या रांगेसमोरून चालत आले होते. त्यांनी रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"आक्का," ते म्हणाले, "इतकी वर्षं दिलं, ते दर वेळी परत आलं गं. आज पहिल्यांदा ठेवून घेतलं."